कंबरेतून पायात उतरणारी कळ

नाशिक जिल्ह्याच्या निफाड, येवला, चांदवड या तालुक्यांत रब्बी कांद्याची लागण सुरू झाली म्हणजे माणसे दिवसच्या दिवस वाफ्यात वाकलेली असतात. काढणीला पुन्हा तेच वाकणे, आणि शेवटी ५० किलोंची गोणी पाठीवर. इगतपुरीकडे भाताच्या आवणीतही हेच घडते. मग एखाद्या सकाळी कंबरेत चमक निघते व कळ मांडीच्या मागून पोटरीत, पावलापर्यंत उतरते. आयुर्वेदात हिला गृध्रसी म्हटले आहे.

दोन मणक्यांमध्ये लवचिक गादी असते. तिचे कवच कमजोर झाले की ती मागे फुगते व पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब पडतो. 'गादी सरकली' असे लोक म्हणतात. वास्तविक ती जागची निसटलेली नसते, त्यामुळे ती दाबून 'बसविण्याचा' प्रश्नच उद्भवत नाही. हा संबंध १९३४ मध्ये बोस्टनच्या मिक्स्टर व बार या शल्यचिकित्सकांनी स्पष्ट केला. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घेण्याची जुनी चाल आहे. अशा रोग्यास ती लाथ घातक ठरू शकते.

पूर्वी रोग्यास कित्येक आठवडे फळीवर निजवीत. तो सल्ला आता मागे पडला आहे. कळ असह्य असता एक-दोन दिवस विसावा पुरे; नंतर अंगणात थोडे थोडे चालत राहावे. ओझे मात्र उचलू नये. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून ओसरते.

कामावर परतल्यावर गोणी दोघांनी, गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून उचलावी. उचलताना कंबरेस पीळ देऊ नये. आखूड दांड्याच्या कुदळीने मजुरांच्या पाठी मोडतात म्हणून कॅलिफोर्नियात १९७५ साली तिच्यावर बंदी आली. आपल्याकडे लांब दांड्याचे कोळपे आहे, पण कांद्याच्या दाट वाफ्यात ते चालत नाही. तेथे बसून खुरपावे आणि मधून मधून उठून पाठ सरळ करावी.

ताप किंवा वजनातील घट सोबत असेल तर मणक्याच्या क्षयाची तपासणी करून घ्यावी. पाऊल फरफटू लागले तरी विलंब नको. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीची जागा बधिर होणे, दोन्ही पायांतील बळ जाणे, यांपैकी काहीही दिसले तर रोग्यास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पोचवावे. स्त्रिया हे संकोचाने सांगत नाहीत; आशा कार्यकर्तीने ते स्पष्ट विचारून घ्यावे. नस फार काळ दबून राहिली तर शस्त्रक्रियेनंतरही लघवीवरील ताबा परत येईलच असे नाही.