चांगदेवाचा मठ आणि घाण्यामागे पळीभर तेल

चैत्र लागला की खानदेशातले जथे ध्वज खांद्यावर घेऊन वणीच्या वाटेला लागतात आणि उन्हातान्हात पायी येऊन सप्तशृंगीचा गड चढतात. वणीकरांनी एकदा उलट्या दिशेने जावे असे ठिकाण याच डोंगररांगेच्या पूर्व भागात आहे. तेही देवीचेच. चाळीसगावपासून सुमारे 18 किलोमीटरवर, गौताळा औट्रमघाट अभयारण्यात पाटणादेवी आहे. लोक चंडिकेच्या दर्शनाला जातात, पावसाळ्यात केदारकुंडाचा धबधबा पाहतात, डबे सोडून जेवतात आणि परततात. आठशे वर्षांपूर्वी इथे ज्योतिष-गणिताची पाठशाळा होती, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

ती काढली चांगदेवाने. नाव ऐकताच ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडणारे योगी चांगदेव आठवतील, पण ते वेगळे. हा 'सिद्धान्तशिरोमणि'कार भास्कराचार्यांचा नातू आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी. त्याचा बाप लक्ष्मीधर. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने याच पाटण गावातून दरबारी नेले, असे इथला शिलालेख सांगतो. घराण्याला दरबारी मान होताच. चांगदेवाने तो आजोबांचे ग्रंथ पुढे शिकवले जावेत यासाठी वापरला आणि मठ स्थापला. भास्कराचार्यांचे व त्यांच्या वंशजांचे ग्रंथ तिथे शिकवायचे, हा त्याचा नेमका हेतू शिलालेखातच आला आहे.

यादवांचा मांडलिक निकुंभ राजा सोइदेव याने 1207 मध्ये, श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचे निमित्त साधून मठाला दान दिले. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणाच्याच दिवशी दान! ऑक्सफर्डचे मर्टन कॉलेज 1264 चे, म्हणजे पाटणच्या दानानंतर 57 वर्षांनी निघालेले.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. देण्याघेण्याचा तपशील मात्र तेव्हाच्या मराठीत आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत वाचनीय. बाजारात माल विकला गेला की गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणाऱ्या करातला वाटा मठाला. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. जेवढे घाणे चालतील, तेवढ्या प्रत्येकामागे पळी पळी तेल. माप मठाचे वापरायचे आणि मापाईचा अर्धा हिस्साही मठालाच. खगोलाच्या अभ्यासाचा खर्च तेली, व्यापारी आणि बाजारहाट करणारी माणसे उचलत होती. दिव्याला तेल कुठून आले, हे एवढे स्वच्छ सांगणाऱ्या शिक्षणसंस्था आजही विरळाच.

वणीच्या वाचकाला इथे आपल्या गावचा ताम्रपट आठवावा. राष्ट्रकूट तिसऱ्या गोविंदाचा हा शके 730 चा पट मयूरखंडीहून दिलेला. मयूरखंडी म्हणजे वणीजवळचा मार्कंड्या आणि पटातले वटनगर म्हणजे वणी, असे अभ्यासक मानतात. त्यात राजाने एक गाव एका ब्राह्मणाला दिले आहे. पाटणला चारशे वर्षांनी दान मिळाले ते एका माणसाला नव्हे, संस्थेला. हा फरक मोठा आहे.

डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये पाटणचा हा लेख अभ्यासकांसमोर आणला. चांगदेवाचा भाऊबंद अनंतदेव हाही सिंघणाचा ज्योतिषी. त्याने 1222 मध्ये चाळीसगाव तालुक्यातल्याच बहाळला भवानीचे देऊळ बांधले. मठाची वास्तू मात्र आज उभी नाही. चांगदेव आपल्याला भेटतो तो त्या दगडावरच्या अक्षरांतून.

वणीहून पिंपळगावमार्गे मनमाड गाठले की चाळीसगावला रेल्वे आहे. आसपासच्या शाळांतल्या गणिताच्या शिक्षकांनी एखादी सहल तिकडे न्यावी आणि निघण्यापूर्वी मुलांना पळीभर तेलाचा हा हिशेब जरूर सांगावा.