घोडा, ट्रेलर आणि हवेचा हुकूम

तळेगाव-चाकण रस्त्यावरून जाणारे लांबलचक ट्रेलर आपण नेहमी पाहतो. कुणावर नव्या मोटारी असतात, तर कुणावर पत्र्याची अजस्र गुंडाळी. पुढच्या ओढणाऱ्या भागाला ड्रायव्हर मंडळी 'घोडा' म्हणतात. घोडा थांबला की मागचा ट्रेलर आपोआप थांबत असेल, असे आपल्याला वाटते. पण तसे नसते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतात, आणि ते केव्हा व किती लागावेत हे ठरवणारा एक छोटा व्हॉल्व्ह घोड्यावर बसवलेला असतो. त्याचे नाव ट्रेलर कंट्रोल व्हॉल्व्ह. तो बिघडला की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : कंपनीचा मूळ भाग घ्यावा, की बाजारातला दुसरा?

उत्तर देण्याआधी त्याचे काम समजून घेऊ. हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये रेल्वेसाठी आणला. ट्रकमध्येही तत्त्व तेच. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो. घोडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये दोन नळ्या लोंबताना दिसतात. लाल नळीतून ट्रेलरच्या टाकीला हवा मिळते. पिवळ्या नळीतून ब्रेकचा हुकूम जातो. ड्रायव्हरने पेडल दाबले की कंट्रोल व्हॉल्व्ह त्या प्रमाणात पिवळ्या नळीत दाब सोडतो आणि ट्रेलर आपल्याच टाकीतल्या हवेने ब्रेक लावतो. लाल नळी तुटली, तर दाब उतरताच ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

आता खरी मेख. हवेला मागच्या चाकांपर्यंत पोचायला क्षणभर वेळ लागतो. तेवढ्यात घोडा थांबू लागला, तर मागचे कित्येक टन ओझे त्याला ढकलते. ओल्या रस्त्यावर मग घोडा आडवा फिरतो आणि मिटत्या चाकूसारखी गाडीची घडी होते. म्हणून हा व्हॉल्व्ह ट्रेलरला किंचित जास्त दाब देतो. हे 'किंचित'च महत्त्वाचे. ते फार झाले, तर सगळा भार ट्रेलरच्या ब्रेकवर येतो. लायनर लवकर झिजतात, आणि बोरघाटासारख्या लांब उतारावर ड्रम तापून ब्रेकची पकड सुटू लागते.

बाजारातला प्रत्येक भाग वाईट, असे मुळीच नाही. ट्रक कंपन्यांना भाग पुरवणारे कारखाने तेच भाग खुल्या बाजारातही विकतात. धोका असतो तो नकली मालाचा आणि 'आटे बसले म्हणजे भाग बसला' या समजुतीचा. बाहेरून दोन व्हॉल्व्ह जुळ्या भावांसारखे दिसतात. आतली स्प्रिंग आणि रबरी पडदा मात्र निराळा असू शकतो. तोंडांवर आकडे कोरलेले असतात. १ म्हणजे हवा येण्याची वाट, २ म्हणजे पुढे जाण्याची, ३ म्हणजे बाहेर सुटण्याची आणि ४ पासून सुरू होणारे आकडे हुकुमाचे. नळ्या त्याच आकड्यांप्रमाणे जोडल्या पाहिजेत. जुन्या भागाचा क्रमांक जुळवावा, पक्के बिल घ्यावे.

बसवल्यानंतरचे काम अनेकदा राहून जाते. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहावी. गेज लावून घोड्याचा आणि ट्रेलरचा दाब ताडून बघावा. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना ओट लावून, लाल नळी सोडावी. ट्रेलरचे ब्रेक लागलेच पाहिजेत. मग आधी रिकामी आणि नंतर भरलेली गाडी हळू चालवून पाहावी. अमेरिकेत पिकअपमागे विजेच्या ब्रेकचा ट्रेलर ओढणारे लोकही नवा कंट्रोलर बसवल्यावर त्याचा जोर असाच अजमावून ठरवतात. यंत्र निराळे, पण पुढच्या-मागच्याचा ताळमेळ जमवण्याचा प्रश्न तोच.

एवढे करूनही उत्तम व्हॉल्व्हला हवा लागतेच. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एका मालट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. 'ब्रेक फेल' अशी बातमी आधी आली. उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आले. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग प्रत्येक वेळी पेडल दाबताना साठा घटतो आणि भरून मात्र येत नाही.

सुट्या भागांची चाचणी करणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या संस्था आपल्याच पुणे-भोसरीत आहेत. पण रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रेलरची परीक्षा त्या घेऊ शकत नाहीत. ती मालकाने आणि मिस्त्रीने घ्यायची असते. गाडी एक दिवस उभी राहिली तर भाडे बुडते, हप्ता मात्र थांबत नाही. मालकाची ही ओढाताण खोटी नाही. तरीही चाचणीचा तासभर वाचवू नये, कारण त्या घाईची किंमत बहुधा केबिनमधला ड्रायव्हर मोजतो, किंवा पुढे दुचाकीवर चाललेला कुणी तरी. आणि आपण, इतर वाहनचालकांनी, भरल्या ट्रेलरपुढे अचानक गाडी घालू नये. ब्रेक कितीही चांगला असला, तरी एवढ्या ओझ्याला थांबायला रस्ता लागतो.