पाण्यात विरघळणारा कापूस

विदर्भात सरकी म्हटले की तेल आणि ढेप आठवते. पण जिनिंगमध्ये लांब धागा निघून गेल्यावरही सरकीला बारीक लव चिकटलेली असते. ही लव म्हणजे लिंटर. सूतकताईला ती आखूड पडते. स्वच्छ केल्यावर मात्र तिच्यात जवळजवळ शुद्ध सेल्युलोज उरते. ती किंवा लाकडाचा लगदा, हाच सेल्युलोज ईथर नावाच्या, बहुतांशी पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांचा कच्चा माल.

सेल्युलोजच्या साखळीत प्रत्येक ग्लुकोज-घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. या गटांना पाण्याची ओढ असते, पण त्यांच्याच आधाराने शेजारच्या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट धरतात की पाणी त्यांना सोडवू शकत नाही. म्हणूनच सुती कापड कितीही धुतले तरी विरघळत नाही.

कारखान्यात आधी ही पकड सैल करतात. तीव्र कॉस्टिक सोड्यात तंतू फुगून अल्कली सेल्युलोज बनते. त्यावर मोनोक्लोरोॲसेटिक आम्लाची क्रिया केली की सीएमसी (कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज) मिळते. बंद पात्रात दाबाखाली मिथाइल क्लोराइड दिले की मिथाइल सेल्युलोज, आणि जोडीला प्रॉपिलीन ऑक्साइड दिले की एचपीएमसी (हायड्रॉक्सीप्रॉपिल मिथाइल सेल्युलोज). या टप्प्यावर ऑक्सिजन साखळ्या तोडतो आणि द्रावण पातळ होते. म्हणून दाट प्रतीसाठी पात्रातली हवा काढून नायट्रोजन भरतात.

खरे कसब किती गट बदलायचे यात आहे. तीनपैकी सरासरी 1.5 ते 2 गट बदलले की मिथाइल सेल्युलोज थंड पाण्यात विरघळते. फार पुढे गेले की ते पुन्हा पाण्याला दुरावते. गरम पाण्यात ते विरघळत नाही, म्हणून क्रियेत तयार होऊन त्यात उरलेले मीठ गरम पाण्यानेच धुऊन काढतात. सीएमसी गरम पाण्यातही विरघळते; तिच्या धुलाईला पाणी मिसळलेले अल्कोहोल लागते. खाद्यपदार्थांतील सीएमसी किमान 99.5 टक्के शुद्ध असावी लागते. तेलविहिरींच्या ड्रिलिंगच्या चिखलात कमी शुद्ध प्रतही चालते.

उपयोगांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी पाणी धरून ठेवण्याचा गुण आहे. टाइल चिकटवण्याच्या मसाल्यात थोडीशी एचपीएमसी नसेल, तर कोरडी भिंत पाणी शोषून घेते आणि सिमेंटची पकड कच्ची राहते. कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांत सीएमसी ओलावा टिकवते, आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण मोठे होऊ देत नाही. औषधाच्या गोळीत एचपीएमसीचा फुगलेला थर औषध सावकाश बाहेर सोडतो. शाकाहारी कॅप्सूलचे कवचही तिचेच असते.

कापूस पिकवणाऱ्या प्रदेशाने सरकीवरच्या या लवेचा विचार तेल-ढेपेइतक्याच गांभीर्याने करायला हवा. जिथे धाग्याचे काम संपते, तिथे या उद्योगाचे सुरू होते.