चित्र अडखळते, तेव्हा संगणकाला लगेच निवृत्त करू नका!




मागच्या वर्षीच्या मराठी भाषा गौरव दिनाचा, म्हणजे २७ फेब्रुवारीचा कार्यक्रम आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. आठवीच्या मुलांनी बसवलेल्या नाटुकलीचे चित्रण मोठ्या पडद्यावर दाखवायचे होते. चित्रण एका पालकांनी आपल्या नव्या मोबाइलवर हौसेने केले होते. दिवे मालवले, चित्र सुरू झाले आणि दुसऱ्याच मिनिटाला अडखळू लागले. मुलांचे संवाद पुढे जात होते, पण ओठ मागेच राहत होते. मागून कोणीतरी म्हणाले, "अटक-अटक के चल रहा है!" शेवटी चित्रण बंद करावे लागले. नातवंडांना पडद्यावर पाहायला बाहेरगावाहून आलेल्या काही आज्या तशाच परत गेल्या. याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी मी विश्वस्त मंडळापुढे सांगून टाकले, "संगणक म्हातारे झाले, नवे घ्यायला हवेत." ते मी घाईने बोलले. दहावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "बाई, आवाज तर नीट येत होता. मग नेमके काय बिघडले?" माझे शिक्षण हिंदी माध्यमातून, तेही कला शाखेचे. उत्तर मला ठाऊक नव्हते. आमच्या संगणक शिक्षकांबरोबर बसून ते शोधले. जे समजले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे लिहिते.

फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एका चित्रात २० लाखांहून अधिक. त्या मोबाइलने सेकंदाला अशी ६० चित्रे टिपली होती. ती जशीच्या तशी साठवली, तर ७०० एमबीच्या सीडीत दोन सेकंदही मावणार नाहीत! म्हणून मोबाइल चित्रांची घडी घालतो. एक चित्र पूर्ण ठेवतो आणि पुढच्या चित्रांत जेवढे बदलले तेवढेच नोंदवतो. घडी घालण्याच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. दाखवताना संगणकाला ती घडी उलगडावी लागते आणि सेकंदाला ६० चित्रे असतील तर प्रत्येक चित्रासाठी त्याच्याजवळ सेकंदाचा साठावा भागच असतो. तेवढ्यात काम झाले नाही की तो चित्र गाळतो. आवाज उलगडणे त्यामानाने फार सोपे, म्हणून आवाज चालू राहतो.

एच.२६४ ही पद्धत २००३ साली आली. एचईव्हीसी २०१३ साली आली. तिची घडी अधिक बारीक, म्हणून फाइल लहान होते, पण उलगडायला मेहनत जास्त. आपल्या प्रयोगशाळेतले संगणक २०११-१२ च्या सुमाराचे आहेत. त्यांच्यात एच.२६४ उलगडण्याची खास सोय आहे, एचईव्हीसीची नाही. त्यामुळे सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडला आणि तो दमला. गंमत म्हणजे दोन्ही फाइलींच्या नावापुढे 'एमपी४' असेच लिहिलेले असते. डबा एकच, आतली भाजी वेगळी!

घरी किंवा शाळेत असे झाले, तर या क्रमाने पाहावे :

१) चित्र आणि आवाज दोन्ही थांबून गोल चक्र फिरत असेल, तर दोष बहुधा इंटरनेटचा. तेथे ७२० किंवा ४८० चा पर्याय निवडावा. आवाज चालू आणि चित्र अडखळते, तर दोष बहुधा संगणकाकडे.

२) पेन ड्राइव्हवरून थेट दाखवू नये. फाइल आधी संगणकावर उतरवून घ्यावी.

३) कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. चित्र चालू असताना सीपीयू १०० टक्क्यांजवळ असेल, तर उलगडण्याचा भार त्याला झेपत नाही. डिस्क १०० टक्के असेल, तर मागे दुसरे काही चालू आहे, जसे की व्हायरस तपासणी. ती संपू द्यावी.

४) व्हीएलसी प्लेअरमध्ये 'टूल्स' मधील 'कोडेक इन्फर्मेशन' उघडावे. कोणता कोडेक आहे आणि किती चित्रे गळली, दोन्ही दिसते.

५) त्याच प्लेअरच्या 'प्रेफरन्सेस' मध्ये 'हार्डवेअर डिकोडिंग' चालू आहे का ते पाहावे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसवलेला नसेल, तर संगणकातली खास सोय असूनही वापरली जात नाही.

६) सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटे ठीक आणि मग अडखळते, तर संगणक तापत असावा. तो बंद करून पंख्यावरची धूळ काढावी.

७) एवढे करूनही जमले नाही, तर फाइलच बदलून घ्यावी. हँडब्रेक हा प्रोग्राम मोफत आहे. त्यात एच.२६४, ७२० आणि सेकंदाला ३० चित्रे असा पर्याय निवडावा. हे काम नव्या संगणकावर लवकर होते.

आम्ही शेवटचा उपाय केला. तीच नाटुकली, त्याच जुन्या संगणकावर, पालकसभेत एकदाही न अडखळता चालली. खर्च शून्य.

विश्वस्त मंडळींना एक नम्र विनंती. रॅम वाढवा, असा सल्ला आपल्याला मिळाला होता. रॅम वाढल्याने इतर कामे सुधारतील, पण हा दोष त्याने जाणार नाही. नवे संगणक पुढेमागे लागतीलच. विंडोज १० चे सर्वसाधारण सुरक्षा अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाले आहे, त्याचाही विचार करावा लागेल. पण खरेदी गरज तपासून व्हावी, एका संध्याकाळच्या फजितीवरून नव्हे. माझा आधीचा प्रस्ताव मी मागे घेत आहे.

पालकांना विनंती अशी की, शाळेसाठी चित्रण करताना मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'हाय एफिशियन्सी' हा पर्याय बंद ठेवावा, आणि फाइल कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी द्यावी. ज्या संगणकावर दाखवायची, त्याच संगणकावर आम्ही ती शेवटपर्यंत चालवून पाहू.

आणि विद्यार्थी मित्रांनो, "नेमके काय बिघडले?" हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. मोठ्यांनी घाईने दिलेले उत्तर नेहमी बरोबर असतेच असे नाही.

आपली,
मुख्याध्यापिका