कुलाब्याचे अफगाण चर्च

सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे मुंबईतील चर्च लोकांच्या तोंडी 'अफगाण चर्च' म्हणूनच रुळले आहे. सिंधची मोहीम आणि पहिले अफगाण युद्ध यांत कामी आलेल्या सैनिकांचे स्मारक म्हणून कुलाब्यात १८४७ मध्ये त्याची पायाभरणी झाली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याने गॉथिक शैलीचा आराखडा केला. १८५८ मध्ये ते उपासनेसाठी खुले झाले. सुमारे ६० मीटर उंचीचा मनोरा मात्र १८६५ मध्ये पुरा झाला.

आत टोकदार कमानी, रंगीत काचांच्या खिडक्या आणि युद्धातील मृतांचे स्मृतिफलक आहेत. बाकांना बंदुका टेकवण्यासाठी खाचा आहेत. कारण इथल्या लष्करी छावणीतले शिपाई शस्त्रांसह प्रार्थनेला येत.

१९७० मध्ये उत्तर भारतातील अँग्लिकन मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या, त्यांत हे चर्चही आले. मुंबईच्या वारसा यादीत ते प्रथम श्रेणीत आहे.