पायांचा पोळा

थंडीच्या दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर उजाडण्याआधीच वर्दळ सुरू होते. कोणी चालायला येते, कोणी धावायला. विद्यापीठ आणि बीबी का मकबऱ्याच्या मागे, लेण्यांच्या डोंगराकडेही धावणारे दिसतात. डांबरी रस्ता सोडून पायवाटेवर, मुरमावर, चढ-उतारावर धावण्याला ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात. या मंडळींत अलीकडे एक सवय रुजते आहे. धावता धावता तीन गोष्टींबद्दल मनातल्या मनात आभार मानायचे. साथ देणाऱ्या पायांचे, उगवत्या सूर्याचे, घरी मुलांचा डबा सांभाळणाऱ्या जोडीदाराचे.

याचा आरोग्याला काही उपयोग होतो का?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी 2003 मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांच्या एका गटाने आठवड्यातून एकदा कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने त्रासदायक गोष्टी. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाच्या शारीरिक तक्रारी कमी होत्या आणि त्यांचा व्यायाम आठवड्याला सुमारे दीड तास जास्त होता. मात्र याच संशोधकांच्या पुढच्या प्रयोगात व्यायामातला हा फरक दिसला नाही. 2020 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात नैराश्य आणि चिंतेवर कृतज्ञतेच्या सरावाचा परिणाम अल्पच असल्याचे आढळले. 2024 मध्ये 49,275 वयस्क अमेरिकी परिचारिकांच्या पाहणीत, कृतज्ञतेची भावना सर्वाधिक असलेल्या गटात पुढील सुमारे तीन वर्षांत मृत्यूचा धोका 9 टक्क्यांनी कमी दिसला. पण हा केवळ संबंध आहे. कृतज्ञतेमुळेच आयुष्य वाढले, असे त्यातून सिद्ध होत नाही.

थोडक्यात, हे औषध नव्हे. पण सवय चांगली आहे आणि तिला खर्च नाही. लक्ष दुसरीकडे वळले की धावण्याचे कष्ट थोडे हलके वाटतात. मनगटावरच्या घड्याळाशी आणि मोबाइलवर दिसणाऱ्या इतरांच्या वेगाशी चाललेली तुलनाही थांबते.

धोकाही नेमका इथेच आहे. लक्ष वळवून कष्ट हलके करता येतात, तसेच दुखणेही दाबता येते. ‘शरीराने इतकी साथ दिली, आता तक्रार कशाला?’ असे म्हणत लंगडत धावणारे कमी नाहीत. ही कृतज्ञता नव्हे, हा हट्ट झाला.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लागतो, अंगावर झूल चढते, पुरणपोळीचा घास भरवला जातो. पण त्याआधी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, ते शेकतात. आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला औताला जुंपत नाहीत. उपकाराची फेड हार घालून होत नाही. खांदा कुठे सोलला आहे, ते हात लावून पाहावे लागते. पायांचाही पोळा असाच साजरा व्हायला हवा.

डोंगरवाटेवर पायांवरचे ओझे सपाट रस्त्यापेक्षा वेगळे असते. चढताना दम लागतो, पण स्नायूंची झीज जास्त होते ती उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात. त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. म्हणूनच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे जड जाते. ही इजा भरून येताना स्नायू अधिक सक्षम होतो, मात्र त्यासाठी विश्रांती हवी. आठवड्यातले एक-दोन दिवस न धावणे, पुरेशी झोप आणि पोटभर जेवण, ही झाली पायांची खांदेमळणी.

आभार मोघम न मानता नेमके मानावेत. धावून आल्यावर पाच मिनिटे बसून तळवे, घोटे, पोटऱ्या, गुडघे क्रमाने चाचपावेत. दोन्ही पायांत सारखे जाणवणारे, दोन-तीन दिवसांत ओसरणारे दुखणे बहुधा स्नायूंचे असते. पण हाडावरची दुखरी जागा एका बोटाने दाखवता येत असेल आणि धावताना वेदना वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. अशा वेळी धावणे थांबवून तपासणी करावी. वेदनाशामक गोळी घेऊन डोंगर चढू नये. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करू शकतात.

छातीत दाब किंवा जडपणा, भोवळ, उन्हात असंबद्ध बोलणे, धावल्यानंतर काळ्या चहासारखी गडद लघवी, यांपैकी काहीही झाले तर थेट रुग्णालय गाठावे. मार्च उजाडला की या शहराचे ऊन चढू लागते. तेव्हा सूर्य वर येण्याआधी घरी परतावे, पाणी जवळ ठेवावे आणि आडवाटेवर एकट्याने जाऊ नये.

मागे फिरण्यात कमीपणा नाही. चीनच्या गान्सू प्रांतात 22 मे 2021 रोजी 100 किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. अचानक गारपीट झाली, सोसाट्याचा वारा सुटला. अंगावर पातळ कपडे असलेले 21 धावपटू गारठून मरण पावले. हवेचा रंग पाहून अर्ध्या वाटेतून परतलेले काही जण वाचले. आणखी सहा जणांचे प्राण वाचले ते एका मेंढपाळामुळे. त्याने त्यांना आपल्या गुहेत नेऊन शेकोटीची ऊब दिली.

आपल्याकडच्या टेकड्यांवरही धावणाऱ्यांच्या आधी गुराख्यांची पावले पडलेली असतात. पायवाट बहुतेक त्यांनीच पाडलेली असते. वारीत वारकरी भेटला की दुसरा वारकरी त्याच्या पाया पडतो. तेवढे जमले नाही, तरी कानातले गाणे काढून ‘राम राम’ घालायला हरकत नाही. ओळख राहते. पाय मुरगळला, तर पहिली हाक त्यालाच ऐकू जाणार असते.