नेत्रौषधींचे वहन : धान उत्पादक गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला गोंदिया जिल्हा धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. धानाची कापणी व मळणी करताना कुसळ अथवा तूस डोळ्यात गेल्यास पारपटलावर, म्हणजेच कॉर्नियावर, सूक्ष्म ओरखडा पडतो. त्यावाटे फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारखी बुरशी आत शिरते व काही दिवसांत पांढुरका व्रण दिसू लागतो. उपचारास विलंब झाल्यास दृष्टी गमावण्याची वेळ येते. औषध उपलब्ध असताना असे का घडावे?

डोळ्याची रचनाच परकीय पदार्थास बाहेर ठेवणारी आहे. बाटलीतून पडणारा थेंब साधारणतः ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्यातील अश्रू मात्र अवघे ७ मायक्रोलिटर. जादा औषध गालावर ओघळते किंवा अश्रुनलिकेतून नाकात उतरते. घशाशी येणारी कडवट चव त्याचीच. उरलेल्या औषधास पारपटल ओलांडावे लागते. त्याचा बाह्य थर स्निग्धप्रेमी, तर मधला जाड थर जलप्रेमी असल्याने बहुतेक औषधे कोठे ना कोठे अडतात. परिणामी दिलेल्या मात्रेच्या ५ टक्क्यांहून कमी औषध आतील भागात पोहोचते.

बुरशीजन्य व्रणावर नॅटामायसिनचे ५ टक्के निलंबन वापरतात. त्याचा रेणू मोठा व अल्पविद्राव्य असल्याने तो खोलवर जात नाही. तरीही दक्षिण भारतातील अरविंद नेत्र रुग्णालयांत झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, अधिक सहज आत शिरणाऱ्या व्होरिकोनॅझोलपेक्षा नॅटामायसिनच सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियमच्या संसर्गात. औषध आत शिरणे आणि बुरशी मरणे या भिन्न बाबी आहेत, हे त्यावरून दिसते. त्या चाचणीत पहिला आठवडा जागेपणी दर तासाला थेंब टाकला जात असे. मळणीच्या हंगामात मजुरी बुडवून हे पथ्य किती जण पाळू शकतील?

म्हणूनच औषध डोळ्यात अधिक काळ टिकविण्याकडे संशोधनाचा रोख आहे. अश्रूंतील क्षारांशी संपर्क येताच जेलचे रूप घेणाऱ्या जेलन गमचा उपयोग काचबिंदूवरील टिमोलॉलमध्ये झाला आहे. पापणीखाली आठवडाभर ठेवण्याची पायलोकार्पिनची चकती १९७० च्या दशकात निघाली. ती फारशी रुळली नाही. ॲलर्जीवरील किटोटिफेन सोडणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. बुरशीरोधक औषधांसाठी असे प्रयत्न मुख्यतः प्रयोगशाळेच्या पातळीवर आहेत. दरम्यान, लाल झालेल्या डोळ्यात सल्ल्याविना टाकलेले स्टिरॉइडचे थेंब तात्पुरता आराम देतात खरे, परंतु स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्याने बुरशी अधिक वेगाने पसरते.